पाठीवरची हळद

हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जातो. आमच्या वसमत भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्नात नवरदेवाची पांढरी बंडी पिवळीजर्द होते, ती बायका पाण्यातून काढतात नि पत्र्यावर टाकतात. दोन उन्हं खाल्ली की बंडी पुन्हा पांढरी. हळदीतला रंग उजेडात तुटतो, एवढंच त्यातलं शास्त्र. या डागानं माझं घर खाल्लं. कसं ते सांगते. मधेमधे जीभ घसरली तर चालवून घ्या, माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे.

माझं नाव शिवकन्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. नोकरी लागली नाही, नवरा लागला. व्यंकटी माझ्याच कॉलेजात, एक वर्ष पुढं. आमचं एन.एस.एस.चं शिबिर डोंगराकडच्या एका तांड्यावर होतं. तिथं लाईटचा पत्ता नव्हता आणि दोन दिवसांत सगळ्यांचे मोबाईल मेले. व्यंकटीकडं सोलरचा चार्जर होता, पाटीएवढा, काळा, घडी होणारा. त्यानं तो लिंबाच्या फांदीला उन्हात टांगला आणि खाली मांडी घालून बसला, डॉक्टरसारखा. एकेकाला नंबर देऊन मोबाईल लावून द्यायचा. माझाच मोबाईल कधी भरायचा नाही. तुझा नंबर आला की ढग येतो, असं म्हणायचा. लग्नानंतर कबूल केलं की माझी वायर तो अर्धीच खुपसत होता, मी परत यावं म्हणून. असला हा माणूस.

कॉलेजपासूनची सवय, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. माझ्या सासूला, आत्याबाईंना, ते पहिल्या दिवसापासून खटकतं. प्रयागबाई त्यांचं नाव. लहानखुऱ्या, स्वच्छतेच्या वेड्या. घरात एक डाग दिसला तर त्यांना जेवण जात नाही. बाकी बाई सोन्यासारखी, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणले नाही.

गावाबाहेर हळदीचं केंद्र आहे. शेतातली ओली हळद तिथं येते, कुकरात शिजते, ताडपत्रीवर वाळते आणि मग लोखंडी ढोलात घालून फिरवतात. ढोलात हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल निघतं, चकाकी येते. निघालेल्या सालीचा पिवळा धुरळा ढोलाच्या जाळीतून बाहेर उडतो. व्यंकटी त्या ढोलावर. मी शेडमध्ये निवडणीला. हळकुंडं एकीकडं, गट्टू म्हणजे गोल गड्डे एकीकडं. आमचा सगळा हंगाम उन्हाळ्याचा. हळद वाळवायची म्हणजे ऊन पाहिजे, आणि हल्लीचं ऊन कसलं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. चिमण्या झाडाखाली पडलेल्या सापडतात.

त्या उन्हानं एक मेहेरबानी केली होती. पारा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की दुपारी उघड्यावरचं काम बंद, असा नियम निघाला होता. अकराला काम थांबायचं ते चारला सुरू व्हायचं. मुकादम बोखारे चरफडायचा, पण नियम म्हणजे नियम. केंद्राच्या कडेला दोन मोठे लिंब आहेत. तिथं आम्ही सगळे पडायचो. आमचं भाकरीचं फडकं सोडून बसायचो आम्ही दोघं. व्यंकटी डोक्याखाली हात घेऊन झोपायचा आणि झोपेत बोलायचा. मी त्याच्या तोंडावरची माशी हाकलत बसायची. संसारात बाकी वेळ कुठं होता? सकाळी अंधारात निघायचं, संध्याकाळी येऊन पडायचं. आमची काय ती भेट त्या दुपारी व्हायची.

मग ढाल आली.

ढाल म्हणजे तो जुना चार्जरच, पण नव्या जातीचा. कापडासारखा पातळ, तांबूस रंगाचा. रुमालासारखी घडी करून खिशात टाका. आधी मेंढरं राखणाऱ्यांनी घेतला, मग फवारणीवाल्यांनी. पाठीवर अडकवला की मोबाईल, बॅटरी, फवाऱ्याची छोटी मोटर, काय पाहिजे ते चालतं. गावातला पहिला व्यंकटीनंच आणला. ढोलाशेजारी त्याचा स्पीकर दिवसभर भजनं म्हणायचा आणि बोखाऱ्याचं डोकं उठायचं.

यातलं शास्त्र सांगते, पुढं लागणार आहे. जुन्या चार्जरला उन्हातला थोडाच भाग पचायचा. या नव्या कापडात एकावर एक दोन थर असतात. वरचा थर उजेडातला निळा-जांभळा भाग खातो, खालचा तांबडा खातो. दोघांनी मिळून खाल्लं की वीज दुप्पट. फक्त दोन्ही थर एकाच तारेत एकापाठोपाठ जोडलेले असतात. म्हणजे बैलांची जोडीच म्हणा. एक बैल रेंगाळला की दुसरा कितीही तगडा असू दे, गाडी रेंगाळणाऱ्याच्या चालीनंच जाणार. पण स्वच्छ उन्हात दोन्ही बैल जोरात चालतात, म्हणून कुणाला काळजी नव्हती.

एवढी वीज पाठीवर मिळते म्हटल्यावर कुणीतरी शहाण्यानं तिला जाकीट जोडलं. आत पाण्याच्या बारीक नळ्या, ते पाणी गार करणारी एक चकती आणि हवा खेळवणारा छोटा पंखा. पाठीवर ढाल, छातीवर बोटभर हिरवा दिवा. जितकं ऊन कडक तितका गारवा जास्त. गारजाकीट म्हणायचे लोक. पहिल्या दिवशी व्यंकटी ते घालून घरी आला आणि आत्याबाईंचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, माय, रांजणाला हात लावल्यासारखं लागतंय. आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा हसले.

पुढच्याच महिन्यात नियमात एक ओळ वाढली. जाकीट चालू असेल तर दुपारचं काम चालू राहील. झालं! बोखाऱ्यानं सगळ्या ढोलवाल्यांना, कुकरवाल्यांना जाकिटं वाटली. शेडमध्ये आम्हा बायकांना नाही, कारण शेड म्हणजे सावली, आणि सावलीत काम करायला कधी बंदी नव्हतीच असं त्याचं म्हणणं निघालं. लिंबाखालची जागा ओस पडली. व्यंकटी ढोलावर उभा राहून हातावर भाकरी खायचा. मी शेडच्या दारातून बघायची. माझ्याकडं बघून छातीवरचा दिवा दाखवायचा, पोरं नवीन खेळणं दाखवतात तसा.

मला ते आवडलं नव्हतं. मी म्हणलं पण, अरे, दुपार गेली की आपली. त्याला वाटलं मी उन्हाचं म्हणतेय.

मे लागला तसा तो संध्याकाळी वेगळाच यायला लागला. डोकं दुखतंय म्हणायचा, भाजीत मीठ आहे का नाही कळायचं नाही. एकदा ताटावरून उठला तो हात न धुताच बाहेर जाऊन उभा राहिला. मी विचारलं, जाकीट नीट चालतंय ना? त्यानं छातीवर बोट ठेवलं.

"दिवा हिरवा आहे की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. दिवा हिरवाच होता.

तो पडला त्या दुपारी मला आधी ढोलाचा आवाज खटकला. भरलेला ढोल खरखरतो. चकाकी आली की आवाज बदलतो, खळखळ होते, मग ढोलवाला बटण दाबतो. त्या दिवशी खळखळ सुरू झाली आणि थांबेचना. मी शेडच्या बाहेर आले. व्यंकटी बटणापाशीच उभा होता, हात बटणावर. नुसता उभा. मी जवळ गेले तर मला म्हणाला, नंबर लावा, नंबर लावा, ढग येतोय. डोळे माझ्याकडं, पण बघत नव्हते. मी हाताला हात लावला. तव्यासारखा तापलेला आणि कोरडा. अंगावर घामाचा थेंब नाही. मग तो खाली बसला तो वाकडाच बसला आणि उलटी झाली.

छातीवर दिवा हिरवा.

बोखारे पळत आला, दिवा बघितला आणि म्हणाला, ऊन नाही लागलं याला, जाकीट तं चालू हाये, काहीतरी पिऊन आला असंल. व्यंकटीनं आयुष्यात दारूला हात लावला नाही. त्या वेळी भांडायला वेळ नव्हता. बायकांनी घागरी आणून त्याच्यावर ओतल्या. गाडी आली, नांदेडला नेलं.

तो वाचला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि सरळ सांगितलं. अंगातली उष्णता फार वेळ वर राहिली की लहान मेंदूच्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. तोल, बोलणं, हाताची सफाई सगळं तिथून चालतं. तो चालेल, पण दारूड्यासारखा चालेल. बोलेल, पण जड. आणि आताची गोष्ट आत्ताच विसरेल. मी विचारलं, जाकीट घातलेलं असताना कसं झालं? त्या म्हणाल्या, जाकिटानं पाठ-छाती थोडी जरी गार राहिली तरी माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. तहान लागत नाही, थांबावंसं वाटत नाही. जाकीट पुरं चालत असेल तर हरकत नाही. अर्धवट चालत असेल तर ते नसलेलं परवडलं.

मी दवाखान्यात होते तेव्हा आत्याबाई घरी होत्या. व्यंकटीचे कपडे पिशवीत भरून कुणीतरी घरी पोचवले होते. उलटीनं भरलेलं जाकीट, हळदीनं माखलेली ढाल. पोराचा भरवसा नाही, करायला हातात काही नाही, अशा वेळी ती बाई काय करणार? तिला जे येतं ते तिनं केलं. ढाल उसवून धुतली, जाकीट पुसलं आणि दोन्हींना पत्र्यावर ऊन दिलं. मी चार-सहा दिवसांनी घरी आले तेव्हा ढाल दारातच दोरीवर होती, कोरी करकरीत. आत्याबाई म्हणाल्या, "उन्हात टाकलं माय. कसं लख्ख निघालं बघ." पोरगा बरा होऊन घालील म्हणून ठेवलं होतं त्यांनी. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. आमचं नातं तेवढं जवळ त्याआधी कधी आलं नव्हतं.

त्यानंतर तपासणीला नाईकनवरे नावाचे साहेब आले. जाकिटाच्या कंपनीनं नेमलेला माणूस, पण उर्मट नव्हता. ओसरीवर बसून चहा घेतला, व्यंकटीशी हळू बोलले. अंगणात ढाल उन्हात पसरून मीटर लावला. वीज पुरेपूर. एक कणही कमी नाही. मग जाकिटातली चिप काढून आपल्या यंत्रात बघितली. मी विचारलं काय निघालं. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी दुपारभर या ढालीवर ऊन पडलेलंच नाही. तिसरा हिस्सा वीज आली आहे. एवढी वीज सावलीत येते."

"मग माझा नवरा सावलीत भाजला का?"

त्यांनी चिप पुन्हा एकदा यंत्रात घालून बघितली. उत्तर बोखाऱ्याकडं होतं. त्यानं सांगितलं, व्यंकटी ढोलामागं सावलीत पीत बसला असणार, ढाल निर्दोष आहे, तुम्हीच मोजली. नाईकनवऱ्यांनी जे मोजलं ते लिहिलं. जे मोजलं नव्हतं ते बाकीच्यांनी बोलून पुरं केलं. गावात व्यंकटी झोकांड्या खात चालायला लागला तेव्हा लोक एकमेकांकडं बघायचे. मला वाटायचं एकेकाच्या थोबाडीत द्यावी. मला मदतीचे पैसे नको होते, खरंच नको होते. मला एवढंच पाहिजे होतं की हा माणूस उन्हात उभा होता हे कुणीतरी लिहावं, आणि बाकीच्यांची दुपार परत द्यावी. ढोलावर आता व्यंकटीच्या जागी त्याचा चुलतभाऊ उभा होता. तोही दिवा दाखवायचा.

एक दिवस दवाखान्यातली दुसरी पिशवी उघडली. औषधाच्या चिठ्ठ्यांखाली त्याची टोपी निघाली. मूळची पांढरी टोपी, पण अशी पिवळी की हाताला रंग लागला. पिशवीत अंधारात राहिली म्हणून तशीच राहिली होती. मी ती टोपी हातात धरून दोरीवरच्या ढालीकडं बघितलं.

हळद पिवळी का दिसते? कारण ती उजेडातला निळा-जांभळा भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही हळदीचं पाणी काचेच्या नळीत घालून हेच मोजलं होतं. ढालीवर हळदीचा थर बसला, ऊन तो उडवायच्या आत ढोलातून नवा आला, की वरच्या थराचं सगळं खाणं हळदच खाऊन टाकते. खालच्या थराला तांबडा उजेड पोटभर मिळतोय, पण जोडीतला एक बैल उपाशी. गाडी तिथंच रेंगाळली. आणि तो हिरवा दिवा? तो विजेचा दाब बघतो, धार बघत नाही. उजेड निम्म्याहून कमी झाला तरी ढालीचा दाब फारसा उतरत नाही, उतरते ती धार. जी काय थोडी वीज येते ती आधी पंख्याला जाते, म्हणून पंखा फिरत राहतो, माणसाला वारा लागतो. पाणी गार करणारी चकती मात्र मेलेली. दुपारभर व्यंकटी गारजाकीट घालून नाही, नुसतं जाड जाकीट घालून उभा होता. लॅबमध्ये ढाल बनवणाऱ्यांनी धूळ बघितली असेल, चिखल बघितला असेल. हळदीचा ढोल कुणी बघितला असेल?

मी आत्याबाईंना विचारलं, ढालीवर हळद होती का. त्या म्हणाल्या, होती की, पिवळीजर्द. धुऊन जाईना, मग उन्हानं गेली.

आणि मी बोलून गेले. त्यांच्यावर राग नव्हता, राग सगळ्या जगावर होता, पण समोर त्या होत्या. मी म्हणलं, "आत्याबाई, तुमच्या पोराचं खरेपण त्या डागात होतं. ते तुम्ही उन्हात टाकलं." त्यांना सगळं कळलं नसेल, पण तेवढं कळलं. दोरीवरची ढाल काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग न्हाणीत गेल्या आणि बराच वेळ नुसताच पाण्याचा आवाज येत राहिला. त्या शब्दाला आता इलाज नाही. मी नंतर पुष्कळ समजावलं, पण बोललेलं परत गिळता येत नाही.

मी नाईकनवऱ्यांना फोन लावला. भला माणूस, आला. हंगामाची शेवटची हळद ढोलात होती. मी तीच धुतलेली ढाल एका काठीवर बांधली आणि भर उन्हात ढोलाशेजारी उभी केली, व्यंकटी उभा राहायचा तिथं. सावली कुठं नाही हे सगळ्यांना दिसत होतं. मीटर लावला. ढोल सुरू केला. धुरळा उडायला लागला. सगळे काम टाकून उभे राहिले. आकडा खाली येत गेला, सावकाश, दिवस मावळताना येतो तसा. दुसरी खेप ढोलात पडली तोवर तो निम्म्यावर आला होता. तिसऱ्या खेपेला पार तळाशी. दिवा हिरवा. नाईकनवऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ढालीवरून बोट फिरवलं, ते पिवळं बोट बघितलं आणि म्हणाले, "खरं आहे तुमचं. तो उन्हात होता."

मी त्या दिवशी घरी पळतच आले. व्यंकटीच्या समोर बसले, त्याचं तोंड हातात धरलं आणि सांगितलं, अरे, सिद्ध झालं. तो हसला. दुसऱ्या मिनिटाला विसरला, पण हसला. आत्याबाई देवापुढं जाऊन बसल्या. मला वाटलं आता दुपार परत येणार.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हंगामाच्या तोंडावर कंपनीचं उत्तर आलं. प्रत्येक जाकिटाला एक नवा स्टिकर. ढाल दर अर्ध्या तासाला ओल्या फडक्यानं पुसावी, ही जबाबदारी वापरणाऱ्याची. संपलं. दुपारचं काम तसंच चालू. व्यंकटीच्या नावावरची दारू गेली आणि निष्काळजीपणा लिहिला गेला. आधी तो बेवडा होता, आता हलगर्जी झाला. आणि हे सगळं मी सिद्ध करून दिलेल्या गोष्टीवर उभं होतं, ही त्यातली गंमत.

नाईकनवऱ्यांना फोन केला. त्यांनी लिहिलं होतं म्हणाले, की हळदीच्या कामाला ही ढाल चालणार नाही, दुपार बंद ठेवा. वरच्यांनी पहिला भाग घेतला, दुसरा सोडला. पुसणं स्वस्त पडतं, ताई, असं म्हणाले. मी फोन ठेवला. त्या माणसाला शिव्या देऊन काय मिळणार होतं?

स्टिकर लावणाऱ्यानं एक गोष्ट बघितली नाही. ढाल पाठीवर असते. स्वतःची पाठ कुणाला पुसता येते? काढून पुसायची तर ढोल थांबवावा लागतो, आणि ढोल थांबला की बोखारे सुरू होतो.

यंदा ढोलावर मी आहे. व्यंकटीच्या चुलतभावाच्या बायकोनं त्याला माझी हकिगत ऐकून केंद्रावर पाठवायचं बंद केलं. मला ते परवडणारं नाही, निवडणीच्या मजुरीत तीन माणसं आणि औषधं भागत नाहीत. जाकीट तेच, ढाल तीच. निर्दोष आहे ना, म्हणून तीच. छातीवरच्या त्या हिरव्या दिव्यावर मी टिकली चिकटवली आहे, मोठी, मरून. बोखाऱ्यानं विचारलं हे काय. मी म्हणलं, दृष्ट लागू नये म्हणून.

व्यंकटीला मी सोबत आणते. तो लिंबाखाली बसतो, आमच्या जुन्या जागी. मांडीवर पाण्याचा डबा आणि ओला फडका. अर्धा तास म्हणजे किती हे त्याला आता कळत नाही, पण पिवळं कळतं. माझी पाठ पिवळी दिसली की तो डबा वाजवतो. मी ढोल थांबवते, जाऊन त्याच्यापुढं पाठ करून बसते. त्याचे हात थरथरतात, पण पुसतो असा की एक कोपरा सोडत नाही. बोखारे बोंबलतो, इतक्यांदा कशाला. मी ऐकत नाही. मला पाठीवर चकतीचा गारवा परत येताना कळतो, अन् मग मी उठते. कधीकधी पुसताना तो मला विचारतो, ताई, तुमचा नंबर कितवा. मी सांगते, पहिला.

घरात एक बदल झाला आहे. आत्याबाई आता उन्हात काही वाळत घालत नाहीत. आमची लुगडी, चादरी, टॉवेल, सगळं आतल्या खोलीत दोरीवर. कपड्यांना कुबट वास येतो, पण मी बोलत नाही. पुरे झालं माझं बोलणं. तो पुसायचा फडकाही त्याच धुतात, रोज, घासून घासून, आणि आत आणून टाकतात. हळद साबणानं जात नाही. फडका पिवळाच राहतो.

संध्याकाळी मी जाकीट खुंटीला अडकवून चुलीपुढं बसते. भाकरी थापायला लागले की मागून पाठीवर गार ओलं काहीतरी लागतं. व्यंकटी भिंत धरत धरत आलेला असतो. झंपर भिजतो. सुरुवातीला मी सांगायची, अरे, घरी आलो आपण, ढाल काढली, पाठीवर काही नाही आता. तो ऐकून घेतो. मग दोरीवरनं काढलेला तो फडका माझ्या तोंडापुढं धरतो आणि जड जिभेनं म्हणतो, "हे बघ. अजून आहे."

आतून आत्याबाई बघत असतात. मी तव्यावरची भाकरी उतरवते आणि त्याचं पुसून होईपर्यंत पाठ करून बसून राहते.